डाव्या कोपऱ्यातली अक्षरं

करी रोड,
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय खोपकर सर,

मी दर्शना धुरी. परळच्या टायपिंग क्लासमध्ये शहाण्णव साली संध्याकाळच्या बॅचला होते. खिडकीजवळचं तिसरं मशीन, ज्याचा ‘ए’ अडकायचा. तुम्ही म्हणायचात, धुरी, मशीनला शिव्या देऊ नकोस, करंगळीला दे. आठवत नसेल तरी चालेल. तुमचा पत्ता क्लासच्या मालकांच्या मुलाकडून मिळवला. तो म्हणाला, सरांना आता ऐकू येत नाही, घरच्यांचं तेवढं ओठांवरून कळतं, फोन करू नका, पत्र लिहा, खूश होतील.

मी दादरला एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. माझे बाबा, जयवंत धुरी, दोन वर्षांपूर्वी गेले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी कामगारांच्या घरासाठी आम्ही आईच्या नावाने अर्ज केलाय. ब्याऐंशी सालच्या सुरुवातीला गिरणीच्या हजेरीपटावर नाव पाहिजे, अशी अट आहे. बाबांचं नाव त्याच्या दीड महिना आधी कापलं. गिरणीचं म्हणणं, न सांगता गावाला पळाला. बाबांचं म्हणणं, आजोबा वारले म्हणून मालवणला गेलो, पण रजेची चिठ्ठी घेऊन गेलो. मरेपर्यंत हेच सांगत होते. चाळीतले लोक ऐकून घ्यायचे आणि पाठ वळली की हसायचे. आईला घरापेक्षा हेच जास्त लागलंय.

रजा मंजूर होती असं दाखवता आलं तर विचार करू, असं घरांच्या कचेरीतले साहेब म्हणालेत. सुनावणी १८ नोव्हेंबरला आहे. आमच्याकडे कागद एकच, गिरणीच्या वकिलांचं डिसेंबर एक्क्याऐंशीचं इंग्रजी पत्र. त्यात एवढंच आहे की, तुमची रजा खात्याने मंजूर केली होती असं तुम्ही म्हणता. मग पुढचं वाक्य ‘बी दॅट ॲज इट मे’ असं सुरू होतं, आणि तुमचं नाव परत पटावर घ्यायला मालकांना कारण दिसत नाही, असं संपतं.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, यातून काही सिद्ध होत नाही. मी डिक्शनरी बघितली, फोनवर बघितलं. अर्थ कळतो आणि तरी कळत नाही. वकील लोक हे कधी लिहितात, सर? म्हणजे रजा होती असं म्हणायचंय की नव्हती असं? तुम्ही दिवसभर फोर्टला वकिलांच्या ऑफिसात असायचात म्हणून विचारते. गेले आठ दिवस लॅबमध्ये माझं लक्ष लागत नाही. काल एका म्हाताऱ्यांच्या रिपोर्टवर दुसऱ्याचं वय टाकलं.

तुमची विद्यार्थिनी,
दर्शना

•

गिरगाव,
१० ऑक्टोबर

चि. दर्शना, अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या मशीनचा ‘ए’ मला आठवतो, तूही आठवतेस. शेकडो पोरं हाताखालून गेली, पण इंग्रजी विचारायला पत्र पाठवणारी तू पहिलीच. सून लतिका म्हणाली, बाबा, आज स्वारी खुशीत दिसतेय.

आता अर्थ. इंग्रजी वाक्यात आधी कर्ता चालतो, मागून क्रियापद. या जुन्या वळणात क्रियापद कर्त्याला बाजूला सारून पहिलं आत शिरतं. अर्थ इतकाच की, ते जसं असेल तसं असो. आपण मराठी पत्रात नको तो विषय मिटवायला ‘असो’ लिहितो ना, तेच. समोरचा म्हणतो ते खरं की खोटं, यात शिरायचं नाही आणि आपलं घोडं पुढे दामटायचं. लतिका मला सांगते, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. मी म्हणतो, केलं असेल, पण आज सण आहे. डॉक्टर खोटे पडले नाहीत आणि जिलबीही पोटात गेली.

तेव्हा काउंटरवरचा माणूस अगदीच चुकीचं बोलला नाही. या वाक्यात होही नाही आणि नाहीही नाही. फोर्टच्या पुष्कळ ऑफिसांत त्या काळी ते चालायचं. असो.

तुझ्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. आईला धीर दे.

तुझा,
गं. वि. खोपकर

ता. क. पत्र कोणत्या ऑफिसचं, ते लिहिलं नाहीस. आणि खाली डाव्या कोपऱ्यात काही बारीक अक्षरं आहेत का, बघ. राहू दे, नाही बघितलंस तरी चालेल.

•

करी रोड,
१४ ऑक्टोबर

आदरणीय सर,

तुमचं पत्र वाचून मी जागेवरून उठलेच. ऑफिसचं नाव मी लिहिलं नव्हतं, कारण मला वाटलं तुम्हाला काय त्याचं. आता लेटरहेड नीट वाचलं तर ते तुमचंच ऑफिस निघालं. क्लासच्या सर्टिफिकेटवर तुमच्या नावाखाली छापलेलं असायचं तेच. मी आईला म्हटलं, बघ, देव आहे. एवढ्या मोठ्या फोर्टात नेमके आमचे सर.

तुमच्या तिथलं कोणी हयात आहे का ज्यांना ही केस आठवेल? बाबा स्वतः तिथे गेले होते. गिरणीने पाठवलं, वकिलांकडे जा. बाबांनी कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि रजेची चिठ्ठी त्यालाच टाचणीने लावून दिली. मूळ चिठ्ठी. नक्कल ठेवली नाही. आई अजून त्यावरून बोलते. बाबा म्हणायचे, कोर्टकचेरीतली माणसं, त्यांच्याकडे कागद कसा हरवेल.

डाव्या कोपऱ्यातलं मला दिसत नाही. बाबांनी पत्र लॅमिनेट करून घेतलं तेव्हा खालची कड आत दुमडली गेली. सुनावणीला उघडून मूळ कागद दाखवावा लागणार आहे, तेव्हा बघीन.

लवकर लिहा, सर. रोज संध्याकाळी आल्याआल्या जिन्याखालची पत्रपेटी बघते.

दर्शना

•

गिरगाव,
१८ ऑक्टोबर

चि. दर्शना, आशीर्वाद.

दिवाळीच्या गडबडीत चार ओळी. ऑफिस बंद होऊन वीस वर्षं झाली. मोठे साहेब गेले, फायली रद्दीत गेल्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवणार. रोज पंचवीस-तीस पत्रं निघायची. असो.

मला विचारशील तर ते पत्र सुनावणीत दाखवूच नकोस. त्यात तुमच्या बाजूचं काही नाही, उलट नाव कापल्याचं पक्कं होतं. लॅमिनेशन उघडू नकोस, जुना कागद फाटेल. वडिलांची आठवण म्हणून आहे तसं ठेव. असो.

घरासाठी दुसरे मार्ग असतील. आईच्या मनाला समजाव की लोक बोलतात आणि विसरतात. माझंही हल्ली बरं नसतं. व्हरांड्यात फेऱ्या मारत बसतो, लतिका ओरडते. असो.

दिवाळीच्या शुभेच्छा.

गं. वि. खोपकर

•

करी रोड,
२८ ऑक्टोबर

खोपकर सर,

पत्र उघडलं. लॅबमधल्या ब्लेडने, हळूहळू, आईने टॉर्च धरला. फाटलं नाही.

डाव्या कोपऱ्यात अक्षरं आहेत. आधी एन. डी. एस., मग तिरकी रेघ, मग बारीक जी. व्ही. के.

हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, सर. पहिल्या महिन्यात. रेघेच्या डावीकडे ज्याने सांगितलं त्याची अक्षरं, उजवीकडे ज्याने टाइप केलं त्याची. तुम्ही म्हणायचात, हात कोणाचा ते कागदाने सांगितलं पाहिजे, नाहीतर कागद बेवारशी. मी आजही लॅबच्या प्रत्येक रिपोर्टखाली माझी अक्षरं टाकते. बाकीच्या मुली हसतात.

जी. व्ही. के. म्हणजे गंगाधर विनायक खोपकर. क्लासच्या फळ्यावर कोपऱ्यात तुम्ही रोज तेच लिहायचात.

म्हणजे पहिलं पत्र वाचलंत तेव्हाच तुमच्या मनात आलं होतं, आणि ऑफिसचं नाव कळल्यावर तर खात्रीच झाली. मला जिलबीची गोष्ट सांगितलीत. मग सांगितलंत की उघडू नकोस, दाखवू नकोस, तब्येत बरी नाही. दिवाळीच्या पत्रात तीनदा असो लिहिलंत, सर. प्रत्येक वेळी, माझ्या बाबांचा विषय मिटवायलाच.

मला खूप राग आलाय आणि तो कुठे ठेवावा कळत नाही. तुमच्याकडून मी पोटापाण्याची विद्या शिकले. मला एकच सांगा. बाबांची चिठ्ठी तुम्ही पाहिली होतीत का?

दर्शना धुरी

•

करी रोड,
५ नोव्हेंबर

खोपकर सर,

आठ दिवस झाले. करी रोडहून गिरगावात पत्र दोन दिवसांत पोचतं, हे मी आता शिकलेय. सुनावणीला तेरा दिवस उरले. काल आईने विचारलं, तुझे सर काय म्हणतात. मी सांगितलं, विचार करतायत. तुमच्या बाजूने मीच खोटं बोलले.

दर्शना

•

गिरगाव,
७ नोव्हेंबर

चि. दर्शना,

पाहिली होती.

तुझे वडील ऑफिसच्या खिडकीशी आले तेव्हा मीच होतो. पांढरा शर्ट, डोकं भादरलेलं, नुकते केस येत होते. त्यावरूनच कळत होतं की घरात मर्तिक झालंय. अर्जाला चिठ्ठी टाचलेली होती, खात्याच्या कारकुनाची सही, तारीख, पंधरा दिवस. सगळं चोख. अर्ज घेताना मी रोज प्रत्येकाला विचारायचो, नक्कल ठेवलीत का. त्या दिवशी विचारलं नाही. का नाही, हे मी गेले दहा दिवस स्वतःला विचारतोय. गिरणी आमची अशील होती, हेच कारण असणार. दुसरं सापडत नाही.

साहेबांनी उत्तर सांगायला घेतलं ते ‘वी डिनाय’ असं. म्हणजे रजा मंजूर झालीच नव्हती. मी शॉर्टहँडची वही खाली ठेवली आणि म्हटलं, साहेब, चिठ्ठी फाइलमध्ये आहे, सही खरी आहे. साहेब चिडले. मग काय लिहू, खोपकर, माफी मागू? मी एकतीस वर्षांचा होतो, इंग्रजीचा मोठा गर्व होता. मी म्हटलं, त्यापेक्षा ‘बी दॅट ॲज इट मे’ घाला. खोटंही लिहावं लागणार नाही आणि द्यावंही लागणार नाही. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तू वकील व्हायला हवा होतास. त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले.

म्हणजे ते वाक्य साहेबांचं नाही. माझं आहे.

पुढे ऑफिसात तो रिवाजच पडला. समोरच्याचं खोटं असेल तिथे ‘डिनाय’. समोरच्याचं खरं असेल आणि तरी काही द्यायचं नसेल, तिथे माझं वाक्य. बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. टाइप करणाऱ्या आम्हा तिघांना ठाऊक होतं, त्यातला मी एकटा उरलोय. साहेबांनी ‘डिनाय’ लिहिलं असतं तर तुझे वडील कोर्टात म्हणू शकले असते, दाखवा माझी चिठ्ठी. मी खोटं टाळलं म्हणून स्वतःवर खूश होतो, आणि त्यांच्या हातातलं भांडणच काढून घेतलं होतं.

हे सगळं तुला म्हणून लिहिलंय. कचेरीत दाखवायला नाही. माझा मुलगा शंतनु स्वतः वकील आहे. तो म्हणतो, बाबा, अशिलाच्या फाइलमधलं बाहेर काढलंत तर माझ्या तोंडाला काळं लागेल. ज्या ऑफिसचं पस्तीस वर्षं मीठ खाल्लं त्याचंही मनात येतं. तू समजून घेशील.

गं. वि. खोपकर

•

करी रोड,
१० नोव्हेंबर

सर,

पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठून डाळ-तांदूळ धुवायला गेली. मग आतून म्हणाली, चिठ्ठी होती ना, बस्स.

मी समजून घेत नाही. मला जमत नाही. तुमच्या मुलाच्या तोंडाचं तुम्हाला पडलंय, ते बरोबर आहे. माझ्या बाबांचं तोंड बेचाळीस वर्षं खाली होतं. गणपतीत सगळे साचेवाले एकत्र बसायचे तेव्हा ते जिन्यात उभे राहायचे, कोणी विषय काढू नये म्हणून.

मला तुमची हळहळ नको, सर. सही हवी. तुम्ही मला लिहिलंत तेच सुनावणीच्या साहेबांना लिहा. ऑफिसचं बाकी काही सांगू नका, ही एक चिठ्ठी आणि हे एक वाक्य. नसेल लिहायचं तर तसं स्पष्ट कळवा. फक्त असो म्हणू नका.

दर्शना

•

गिरगाव,
१४ नोव्हेंबर

दर्शना,

सोबत प्रतिज्ञापत्र पाठवतोय. नोटरी काल झाली. स्पीड पोस्टाने टाकतोय, तरी मूळ प्रत माझ्याकडेच ठेवली आहे आणि ती घेऊन मी १८ तारखेला स्वतः येईन. मूळ कागद दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नसतं.

शंतनुशी दोन दिवस बोलणं बंद होतं. तो म्हणाला, तुम्हाला आता या वयात काय मिळणार. मी म्हटलं, मला काही मिळायचं नाही, मला द्यायचंय. मग तोच टॅक्सीने नोटरीकडे घेऊन गेला. परतताना फक्त विचारलं, बाबा, ते वाक्य खरंच तुमचं? मी होय म्हटलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पोराच्या नजरेतून उतरायला पंच्याहत्तर हे काही चांगलं वय नाही. फार लागलं मला.

प्रतिज्ञापत्र मराठीत केलंय. इंग्रजीत बसलो तर बोटं आपोआप त्याच वळणावर जातील, याची भीती वाटली. चार वेळा टाइप केलं. पहिल्या तीन खेपेला कुठे ना कुठे ‘त्या काळच्या परिस्थितीत’ असं काहीतरी घुसत होतं, ते फाडलं. आता एवढंच आहे. चिठ्ठी मी पाहिली. सही खात्याची होती. रजा मंजूर होती हे ठाऊक असल्यामुळेच आम्ही ते वाक्य लिहिलं. नक्कल ठेवा असं मी जयवंत धुरी यांना सांगितलं नाही.

जुनं मराठी रेमिंग्टन मशीन पोटमाळ्यावरून लतिकाने काढून दिलं. रिबन वाळलेली, अक्षरं फिकी आली आहेत, पण वाचता येतात. खाली डाव्या कोपऱ्यात बघ. पस्तीस वर्षं मी रेघेच्या उजवीकडेच होतो, म्हणून वाटायचं की आपण फक्त बोटं. या वेळी दोन्हीकडे आहे.

गंगाधर खोपकर

गं. वि. खो. / गं. वि. खो.

•

करी रोड,
१९ नोव्हेंबर

मास्तरांनू,

मी रखमा. बोलतंय मी, टाइप करता दर्शना. माका लिवक येणा नाय.

काल तुम्ही इलास. तीन जिने चढलास. सायबान इचारल्यान ता तुमका ऐकाक इला नाय, मगे दर्शनान कागदार लिवन दिल्यान. तुम्ही ता मोठ्यान वाचलास, ‘हे पत्र तुम्ही टाइप केलंत का’, आणि तेच्याहून मोठ्यान सांगलास, ‘होय, आणि वाक्यही माझंच’. सायबान अर्ज परत तपासाक घेतल्यान. घर मिळात काय नाय, माका ठावक नाय. पण तेना कागदार लिवल्यान की रजा मंजूर होती असा दिसता. ता दर्शनाकडसून मी चार खेपा वाचून घेतलंय. आज सकाळी नळार बायकांका पण वाचून दाखवूक लावलंय.

आता एक गोष्ट सांगतंय, ती दर्शनाक पण ठावक नव्हती. शाण्णव साली हे तिचा नाव घालूक तुमच्या क्लासात गेले. परत इले. जेवताना माका म्हणाले, रखमा, ह्यो तोच मास्तर, फोर्टातल्या खिडकीतलो. मी म्हटलंय, मगे दुसरो क्लास बघा. हे म्हणाले, नको. तेना त्या दिवशी माका बसाक खुर्ची दिल्यान, पाणी दिल्यान, आणि चिठ्ठी घेताना माझ्या तोंडाकडे बघल्यान नाय. तेका सगळा कळला होता. तसलो कागद ज्येच्या हातान झालो, तेच्याकडसूनच माझा चेडू शिकांदे. मगे आमच्या घरात इलेलो कागद आमका कोण वाचून दाखवतलो, म्हणान दारोदार फिराक नको.

हय दर्शना टाइप करूची थांबली. मी सांगलंय, चल फुडे, रड मगे.

माका राग होतो. थोडो अजून आसा, खोटा कित्याक सांगू. पण ह्यांका नव्हतो. हे असते तर काल तुमका चाय घेतल्याशिवाय सोडले नसते. दर्शना म्हणता, तुमका गोड बंद आसा. बिनसाखरेची करतंय. एक दिवस सुनेक घेऊन येवा.

रखमा जयवंत धुरी

र. ज. धु. / द. ज. धु.